दुसरा हात

मे महिन्यात पुण्यात स्वेटर घालून फिरणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे कुमुद सरोदे. त्या दुपारी ती शीतखोलीतून बाहेर आली तेव्हा डोक्याला मफलर, हातांत लोकरीचे मोजे आणि मोज्यांच्या चिमटीत एक आलेखाचा कागद होता. चार अंशांच्या थंडीत सात तास काढलेल्या माणसाचे ओठ निळे पडतात, तसे तिचेही पडले होते. पण ती हसत होती आणि हसू लपवायचा तिचा प्रयत्न काही केल्या जमत नव्हता.

"हळबे, जरा बघता?" म्हणून तिने कागद माझ्यासमोर टेबलावर पसरला.

ऐंशी नळ्या, ऐंशी ठिपके. एकेचाळिसाव्या नळीपर्यंत रेघ जमिनीलगत सरपटत आली होती, तिथून ती उभी चढली, त्रेचाळीसला टोकाला पोचली आणि पुढच्या तीन-चार नळ्यांत पुन्हा खाली आली.

"तिसऱ्यांदा आलंय," ती म्हणाली. "त्याच नळीत."

दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून आधी खोट काढायची, ही सवय मला तेव्हाही होती. मोजणीचं यंत्र बिघडलं असेल, असं मी म्हणून पाहिलं. तिने रिकाम्या नळ्या घालून यंत्र आधीच तपासलं होतं. मग मला तिचं अभिनंदन करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

ही १९८४ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आम्ही ताम्हनकर सरांकडे पीएचडी करत होतो. मी तिच्याहून दोन वर्षांनी वडील, म्हणून ती मला 'हळबे, तुम्ही' म्हणायची आणि मी तिला 'कुमुद, तू'. झाडाला मेंदू नसतो, तरी कुठे वाढायचं, कुठे वळायचं, पान कधी गाळायचं हे त्याला कळतं. ते निरोप त्याच्या अंगात संप्रेरकं पोचवतात. पण निरोप आला तर तो घेणारं कोणीतरी हवं. पेशीत एखादं प्रथिन असणार, ते संप्रेरकाला धरून ठेवत असणार आणि मग पुढची चक्रं फिरत असणार. त्या प्रथिनाला आम्ही ग्राही म्हणत होतो. त्याला पेशीतल्या हजारो प्रथिनांतून वेगळं काढायचं आणि ते कसं आहे ते सांगायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा उद्योग होता. जगभर पुष्कळ लोक त्याच्या मागे होते आणि बहुतेकांच्या हाती धुपाटणं येत होतं.

कुमुद मुगाच्या मोडांवर काम करायची. अंधारात आणलेले मोड थंडीत वाटायचे, गाळायचे, त्यात किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक थेंबभर घालायचं आणि तो रस काचेच्या उंच नळकांड्यातून हळूहळू खाली सोडत ऐंशी छोट्या नळ्यांत धरायचा. ज्या नळीत खूण सापडेल, त्या नळीत संप्रेरकाला धरून ठेवणारं काहीतरी आहे. कुमुदला ते त्रेचाळीसमध्ये सापडलं होतं. टिकलं असतं तर नुसती तिची पदवीच नव्हे, तिचं सगळं आयुष्य त्या एका नळीतून वर आलं असतं. तिची आई संगमनेरच्या बाजारात मोड आलेली कडधान्यं विकायची. घरात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच.

सरांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "छान. आता दुसरा हात."

हा आमच्याकडचा नियम होता. कोणाचाही निष्कर्ष प्रयोगशाळेच्या बाहेर जायचा नाही, जोवर दुसऱ्या कोणीतरी आपल्या हातांनी तो पुन्हा काढून दाखवत नाही. सर म्हणत, स्वतःच्या डोळ्यांना स्वतःचं लेकरू नेहमी गोरंच दिसतं. नियम उत्तम होता, मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना तो लावतो. कुमुदच्या बाबतीत दुसरा हात म्हणून सरांनी माझं नाव घेतलं, आणि ती खूश झाली. नेटकेपणाबद्दल माझी ख्याती होती. माझ्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत.

त्या नेटकेपणापायीच किरणोत्सारी सामानाचं खातं माझ्याकडे होतं. संप्रेरकाची बाटली अंगठ्याएवढी. ती परदेशातून यायची आणि मागवल्यापासून हातात पडायला सात महिने लागायचे. माझ्या कुलपाच्या कपाटात तिच्याभोवती शिशाच्या विटांची भिंत रचलेली असे. वीट वहीएवढी, पण उचलताना मनगट वाकायचं. त्या भिंतीतली एक वीट सदा गायब असायची, आणि ती कुठे असते हे मला ठाऊक होतं. कुमुदच्या अंधारखोलीत, तिच्या मुगाच्या फडक्याच्या गाठोड्यावर.

जूनमध्ये तपासणीला माणसं यायची होती. मी विटा मोजल्या, एक कमी भरली, तरातरा अंधारखोलीत गेलो आणि गाठोड्यावरून वीट उचलली. कुमुद तिथेच होती.

"राहू द्या की हळबे. हाताला सवय झालीय."

"ही प्रयोगशाळा आहे, भाजी मंडई नव्हे," मी म्हणालो.

मला खरंच तिच्या आईची आठवण नव्हती. तोंडातून गेलं आणि मग आठवण झाली. तिचा चेहरा उतरला. त्यानंतर तिने विटेला कधी हात लावला नाही. विटेलाच काय, गाठोड्यावर साधा दगडही ठेवला नाही. इतर सगळ्यांसारखे ट्रेमध्ये, ओल्या कागदावर, ओळीने मोड आणायला लागली. मला वाटलं, चला, पोरगी सुधारली.

मग मी दुसरा हात झालो. तिच्या वहीतली कृती समोर ठेवून एक एक ओळ केली. पहिल्यांदा आलेख सपाट आला. दुसऱ्यांदा सपाट आला. तिसऱ्यांदा मी कुमुदला शेजारी उभं करून केलं, तरी सपाटच. मग सरांनी तिला माझ्यासमोर करायला सांगितलं. तिने दोनदा केलं. ऐंशी नळ्यांत टेकडी सोडा, वारूळसुद्धा उठलं नाही. दुसऱ्या वेळी ती शीतखोलीतून बाहेर आली तेव्हा मोजे काढायचंही तिला सुचलं नाही. तशीच खुर्चीवर बसून राहिली.

वहीत विटेचा उल्लेख नव्हता. असणारच कसा? भातावर झाकण ठेवलं, असं कोणी लिहून ठेवत नाही. आणि वीट तर माझ्याच कपाटात, कुलपात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. आम्ही पाणी बदललं, मूग बदलला, नळकांडं बदललं, कोणालाच वीट आठवली नाही.

सर चांगले होते. तिने आकडे रचले असं ते कधी म्हणाले नाहीत, इतरांना म्हणू दिलं नाही. पण व्हरांड्यात लोक कुजबुजायचे ते कुजबुजलेच. तिच्या मुगाला पुण्याचं पाणी मानवलं नाही, असा एक विनोद महिनाभर फिरत होता, आणि त्याला मीही हसलो आहे. जुलैत तिची शिष्यवृत्ती संपली. सर म्हणाले, नवा विषय घे, मुदतवाढीसाठी मी लिहितो. ती म्हणाली, घरी जाऊन विचार करते. ट्रंक रिक्षात चढवायला मी मदत केली.

सप्टेंबरात सरांना तिचं पत्र आलं. त्यांनी ते मला वाचायला दिलं. अक्षर नेहमीचं, टपोरं. घरी आईला मदत करत असताना तिच्या लक्षात आलं होतं की आई मोडांच्या पाटीवर ओलं पोतं घालून वर पाटा ठेवते. कशाला ठेवतेस, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, "वजन नाही ठिवलं तर लांबडे व्हत्यात, निस्ते दोरे. गिऱ्हाईक हात बी लावत नाय. दाबलं म्हंजी मोड जाड येतो." कुमुदने पुढे लिहिलं होतं: "सर, मला आलेले तिन्ही आलेख वीट ठेवलेल्या मोडांचे आहेत, सपाट आलेले सगळे ट्रेमधल्या मोडांचे. दाबाखालचा मोड वेगळा वाढतो, म्हणजे त्याला संप्रेरकाचे निरोप जास्त घ्यावे लागत असतील, आणि म्हणून ग्राहीही जास्त असेल. हळबेंना एकदा, फक्त एकदा, वजन ठेवून करायला सांगाल का? तेही सपाट आलं तर मी पुन्हा विचारणार नाही."

"करून टाक," सर म्हणाले. "तिच्या जिवाला शांतता."

मी हो म्हटलं आणि मूग भिजत घातले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सुरुवातीला करायचंच होतं. फडक्यात गाठोडं बांधलं, कपाट उघडून वीट काढली, वर ठेवली. तीन दिवसांनी फडकं सोडलं तर आत आखूड, जाड, पांढरेशुभ्र मोड. तसे मोड मी ट्रेमध्ये कधी पाहिले नव्हते. पाहताक्षणी मला कळलं की तिचं म्हणणं खरं असू शकतं.

मग मी बाटली उजेडात धरली. तळाशी एका प्रयोगापुरतं संप्रेरक उरलं होतं. माझ्या प्रबंधातला शेवटचा प्रयोग व्हायचा होता. तो डिसेंबरच्या आत झाला तर जानेवारीत जर्मनीतली जागा माझी होती, नाही झाला तर दुसऱ्याची. नवी बाटली यायला सात महिने. कुमुदला थांबायला काय हरकत आहे, असं मी मनाशी म्हणालो. नवी बाटली आली की सगळ्यात आधी तिचं करू. आणि माझ्या नळ्या मांडायला घेतल्या.

तिचे मोड डब्यात भरून घरी नेले. माझ्या आईने त्यांची उसळ केली. चांगली झाली होती.

सोमवारी सरांनी विचारलं, तेव्हा 'अजून केलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाटली का संपली हे सांगावं लागलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "केलं सर. फरक नाही."

"आलेख?"

"सपाट. नेहमीसारखा."

त्यांनी कागद मागितला नाही. दुसऱ्या हाताचा कागद मागायची पद्धत नव्हती, त्याचा शब्द पुरायचा. बाटलीचं खातंही माझ्याच हातात होतं. त्याच दिवशी त्यांनी कुमुदला पत्र टाकलं.

आठवड्याने मला पोस्टकार्ड आलं. "हळबे, बाटलीत किती उरलं होतं ते मला माहीत आहे. त्यातलं तुम्ही माझ्यासाठी खर्च केलंत, हे मी विसरणार नाही. चूक माझ्याच हाताची होती, आता मनात रुखरुख राहिली नाही. इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा आहे, ती घेतेय." खाली सही, आणि सहीखाली आईचा नमस्कार.

ते कार्ड मी फाडलं नाही. जर्मनीला नेलं, परत आणलं. नवी बाटली आली तेव्हा मी तिथे होतो. सरांना पत्र लिहून खरं कळवायला दहा ओळी पुरल्या असत्या. आधी लाज वाटली, मग उशीर झाला असं वाटलं, आणि उशीर झालाय हे कारण एकदा सापडलं की ते कधी जुनं होत नाही. दहा वर्षांनी सर गेले. त्यांना सांगायचा प्रश्न मिटला, म्हणून मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

२००६ साली, निवृत्तीला नऊ वर्षं उरलेली असताना, मी स्वतःच्या प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवसांत एकटा गेलो. का गेलो, सांगता येत नाही. संप्रेरकाचा आता तुटवडा नव्हता. फडकं, मूग आणि शिशाची वीट. शेजारी ट्रेमध्ये साधे मोड. चौथ्या दिवशी दोन्हींचा रस काढून दोन नळकांड्यांतून सोडला. ट्रेचा आलेख सपाट आला. विटेखालच्या मोडांच्या आलेखात, ऐंशी नळ्यांच्या मधोमध, रेघ उभी चढली.

तोवर जगात इतरांनी इतर ग्राही शोधले होते. कुमुदचं प्रथिन आता कुठल्याशा लेखातली तळटीप झालं असतं. चौऱ्याऐंशीत त्याचं काय झालं असतं, याचा हिशोब मी दोन रात्री करत राहिलो आणि तिसऱ्या दिवशी संगमनेरची एसटी पकडली.

शाळा प्रवरा नदीच्या बाजूला होती. शिपायाने मला विज्ञानाच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. कुमुद आली ती केस पिकलेली, चष्मा लावलेली, पण चाल तीच. "हळबे," ती म्हणाली, आणि इतकी मनापासून हसली की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. बावीस वर्षांनी समोर आलेल्या बाईंना मला 'तू' म्हणवेना. तिने चहा मागवला. आई तीन वर्षांपूर्वी गेली, म्हणाली. लग्न केलं नाही, वेळच मिळाला नाही. मुलींनी बनवलेले तक्ते दाखवले. तिच्या हाताखालच्या दोघी डॉक्टर झाल्या होत्या, एक शेतकी विद्यापीठात होती.

मी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. काय आहे हे तिला विचारावं लागलं नाही. चष्मा वर सारून तिने कागद डोळ्यांजवळ नेला. बोट रेघेवरून चाललं, चढलं, टोकाशी थांबलं.

"वजन ठेवून?"

"हो."

"तळाच्या रेघेपेक्षा टोक किती पट?"

"चौपट."

"मला साडेचार यायचं," ती म्हणाली. आणि क्षणभर तिच्या तोंडावर ते मे महिन्यातलं, न लपणारं हसू आलं. तिने कागदावर दोन्ही हात ठेवले. डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पुसलं नाही. मग माझ्याकडे पाहून, माझीच समजूत काढावी तशी म्हणाली, "तेव्हा तुमच्याकडून आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका. बाटली जुनी झाली होती. तळाचा माल खराब झाला असेल. तुम्ही केलंत, हेच पुष्कळ होतं."

दार तिने स्वतःच्या हाताने उघडून दिलं होतं. मी त्यातून निघून गेलो असतो तर तिला कधीच कळलं नसतं. बाटली जुनी होती, खरंच होती.

"मी केलंच नव्हतं," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं, बाटली, जर्मनी, सरांना दिलेलं उत्तर. उसळीचंही सांगितलं. चहा तसाच राहिला.

"दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला मी तुमची गोष्ट सांगते," ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नाव घेऊन सांगते. माझा प्रयोग फसला होता. एका माणसाने स्वतःचं नुकसान करून तो शेवटचा तपासून दिला, आणि नाही आला म्हणून खरं सांगितलं. म्हणून मला ते मान्य करता आलं. पोरींनो, आपलं चुकलं तर असं मान्य करायला शिका, म्हणते." तिने कागदाची घडी घातली. "किती पोरींनी माझं ऐकून आपलं बरोबर आलेलं उत्तर खोडलं असेल, हळबे?"

घंटा झाली. खोलीत मुली येऊन बसल्याचा, बाक सरकल्याचा आवाज आला. तिने खडू आणि हजेरी उचलली.

"आजच नववीचा पहिला तास आहे," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

"त्यांना सांगेन. ते सोपं आहे." ती दारात थांबली, पण माझ्याकडे वळली नाही. "आधीच्या बावीस वर्गांना कोण सांगणार?"

एवढं विचारून ती वर्गात गेली आणि तिने दार लावून घेतलं.